मागच्या रांगेतली झेंडी

पुस्तकं विकायला गावोगाव निघालं की दोन गोष्टी हमखास होतात. पुस्तकं थोडी जातात आणि किस्से गाडीभर जमतात. नसीमच्या पुस्तकाचे गठ्ठे आमच्या ईको गाडीतून हळूहळू कमी झाले, पण किस्स्यांनी अडवलेली जागा काही रिकामी होईना. आता कुणी भेटलं की आधी तेच. "ताई, तो टेबलाच्या सत्काराचा सांगा की!" म्हटलं, एकदाचे ओळीनं सगळेच सांगून टाकावेत, म्हणजे भाजी आणायला गेल्यावर मला वेळेत घरी येता येईल.

आधी माणसं सांगते. मी मंगल, शिरूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. गाडी चालवणारे ते आमचे हे, कंपनीतून रिटायर झालेले. आणि नसीम म्हणजे आमच्या वाचनालयातली सगळ्यात जुनी वाचक. खिडकीपासची एकच खुर्ची, दुसरी दिली तर उभी राहून वाचेल पण बसणार नाही! एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आपल्याला ऑटिझम आहे हे तिचं तिलाच तिशीत कळलं. "बरं वाटलं," ती म्हणाली होती. "इतके दिवस मला वाटत होतं मी रिजेक्ट पीस आहे. ड्रॉइंगच वेगळं होतं."

तिचे वडील दस्तगीरमामा रेल्वेत गेटमन होते. दौंडच्या बाहेर एका फाटकावर ड्युटी. फाटकाशेजारी खोली, खोलीसमोर रूळ, आणि रुळांकडे बघत बसलेली एक मुलगी, शाळेत जायचं वय झालं तरी एक शब्द न बोलणारी. नसीमनं लिहिलेलं पुस्तक त्याच दिवसांचं आहे. त्यात एक प्रकरण असं आहे की घरी पाहुणे आले की मामा नसीमला फाटकाच्या केबिनमध्ये बसवायचे, बाहेरून कडी लावायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी नानीकडं गेलीय." आत बसून ती ते ऐकायची.

पुस्तक आल्यावर पहिली प्रत तिनं वडिलांनाच दिली. मामा मराठी शाळेत शिकलेले, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी पुस्तक वाचलं, एवढं नसीमला तिच्या अम्मीकडून कळलं. पण मामा स्वतः त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. आणि नसीमला माणसाच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही समजत नाही. त्यामुळे दर रविवारी गाडी शिरूरच्या बाहेर पडायच्या आत मागून प्रश्न यायचा.

"मंगलताई, अब्बांना राग आलाय का?"

"अगं, मी त्यांना अजून भेटलेसुद्धा नाही."

"हो. मग तुम्हाला कसं कळणार," म्हणून ती हेडफोन लावायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच! आमच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम दौंडला ठरलेला होता, आणि तिला त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आत हवं होतं.

*

पहिला कार्यक्रम आमच्या शिरूरातच. निवेदकानं आवाज लावून सुरुवात केली, "ऑटिझमवर जिद्दीनं मात करून आज आपल्यासमोर..."

नसीमनं त्याच्या हातातून माईक घेतला. "मात केलेली नाही. आहे अजून. आत्तासुद्धा त्या दुसऱ्या ट्यूबलाइटचा आवाज मला तुमच्यापेक्षा मोठा येतोय."

सगळा हॉल वर बघायला लागला. कुणालाच काही ऐकू येईना. पण पाहुण्या लेखिकेचा मान ठेवायचा म्हणून ट्यूब बंद केली, तर ती नेमकी निवेदकाच्या डोक्यावरची! पुढचं सगळं निवेदन त्या बिचाऱ्यानं अंधारातून केलं, आणि खरं सांगते, बरंच आटोपशीर केलं.

*

त्याच कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे. वजनदार माणूस, बोलणंही वजनदार. म्हणाले, "पुस्तक एका बैठकीत वाचलं. आणि शेवटचं प्रकरण वाचताना तर माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नसीमनं कानांवरचे हात खाली घेतले आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, शेवटी रेल्वेतल्या शब्दांचे अर्थ दिलेत. त्यातल्या कुठल्या शब्दाला रडू आलं?"

ती टोमणा मारत नव्हती हो! तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाहुण्यांनी पाणी मागवलं.

*

मग तिचं स्वतःचं भाषण. अर्धा तास ठरलेलं. पण ती गाडीच्या शेवटच्या डब्यावर आली आणि तिथंच रमली. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठा एक्स रंगवलेला असतो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण गेली. नाही दिसला तर काही डबे मागं कुठंतरी सुटले. म्हणून गेटमननं तो एक्स बघितल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पहिल्यांदा ऐकताना मलाही छान वाटलं. पण त्यानंतर ती डबे जोडायचं सांगायला लागली, मग सोडवायचं. एकेक रांग रिकामी होत गेली. शिपाई दारात किल्ल्या वाजवायला लागला, तरी बाई चालूच!

परतताना गाडीत तिनं विचारलं, "लोक मधूनच उठून का गेले?"

आमचे हे म्हणाले, "गाडीची येळ झाली आसंल त्यांच्या."

"शिरूरला रेल्वेच नाही, दाजी."

यांनी गिअर बदलला. मग तीच म्हणाली, "लोक कंटाळले की चेहरा बदलतो म्हणतात. मला तो दिसत नाही. तुम्ही मला सिग्नल द्या."

पुढच्या रविवारी ती पिशवीतून दोन झेंड्या घेऊन आली. एक हिरवी, एक लाल. मामांच्या जुन्या, ट्रंकेत ठेवलेल्या. मी मागच्या रांगेत बसायचं. हिरवी दाखवली की चालू ठेवायचं. लाल दाखवली की असेल तिथं थांबायचं.

"मागितल्यावर अब्बा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. इस्त्री करून दिल्या."

*

असेल तिथं म्हणजे अक्षरशः असेल तिथं, हे मला न्हावऱ्यात कळलं. कार्यक्रम छान रंगला होता. माझ्या पायावर डास बसला म्हणून हातात जे होतं त्यानंच मी तो मारला, आणि हातात होती लाल! स्टेजवर नसीम म्हणत होती, "त्या दिवशी संध्याकाळी अब्बांनी मला..." आणि ती खाली बसली. झालं भाषण!

मी कपाळावर हात मारून घेतला. पण पुढच्या रांगेतले एक गुरुजी शेजारच्याला हळूच म्हणाले, "बघा, शेवट कसा वाचकावर सोडलाय!"

तेव्हापासून लाल झेंडी मी मांडीखाली घेऊन बसत असे.

*

न्हावऱ्यातलाच टेबलाचा किस्सा. आपल्याकडं सत्कार म्हटला की शाल अंगावर घालणार, हार गळ्यात घालणार, फेटा बांधणार, आणि नसीमला तर अंगाला कुणी हात लावलेला सहन होत नाही. मी आधीच फोनवर सांगितलं होतं, पण सत्काराला उठले गावातले सगळ्यात वडीलधारे आबा, आणि त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. शाल उघडून ते पुढं निघाले तशी नसीम दोन पावलं मागं सरकली.

"आबा, मला अंगावर घेता येत नाही. टेबलावर ठेवा."

आबा थांबले. म्हातारा माणूस, आता रागावणार असं मला वाटलं. पण त्यांनी "बरं" म्हटलं, शाल टेबलावर नीट पांघरली, चारी टोकं ओढून सारखी केली, वर नारळ ठेवला, नारळाला हार घातला आणि टेबलाला हात जोडले. फोटोग्राफरनं सवयीनं फोटो काढला. दोन दिवसांनी पेपरात आला. टेबल, शाल, हार, नारळ आणि हात जोडलेले आबा. नसीम चौकटीच्या बाहेर! खाली छापलं होतं, "लेखिकेचा सत्कार करताना."

आमचे हे म्हणाले, "टेबलाला दुसरी आवृत्ती काढाय सांगा."

त्या दिवशी निघताना आबा मला म्हणाले, "आमच्या सुनंला बी आसं गळ्यात पडलेलं आवडत न्हाई. पन तिला तोंड उघडून सांगता येत न्हाई, आन् आमी इचारत न्हाई. आता इचारतो."

*

सह्या घेणाऱ्यांचं वेगळंच. बहुतेक जण म्हणतात, "मॅडम, काहीतरी संदेश लिहा." यावर नसीम विचारते, "कशाबद्दल?" आणि समोरचा गडबडतो. एकानं गडबडीत आपल्या धंद्याचं सांगितलं, "कांद्याबद्दल लिहा!"

तिनं विचार करून लिहिलं, "कांदा मला आवडत नाही. तुम्हाला शुभेच्छा. नसीम."

तो माणूस ते पान उघडून ओट्यावर सगळ्यांना दाखवत होता. म्हणाला, "निदान खरं तरी बोलली!"

*

कवठे येमाईला कार्यक्रम भरगच्च झाला. अडचण एकच होती. नसीमच्या आधी बोलायला उठलेले एक पुढारी. दोन शब्द बोलतो म्हणाले आणि बोलतच राहिले. पाणी, रस्ते, दूध, मागची निवडणूक, पुढची निवडणूक. पुस्तकाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं! नसीम स्टेजवर बसून बोटं एकमेकांत गुंतवत होती. ती दमली की असं करते, ते मला कळतं. पण पुढाऱ्यांना कोण थांबवणार? आयोजकच त्यांच्या गटातले.

आमचे हे माझ्या शेजारी बसले होते. यांनी माझ्या मांडीखालची लाल झेंडी ओढली, उभे राहिले आणि सरळ वर धरली.

पुढाऱ्यांनी ती पाहिली. वाक्य अर्ध्यात तुटलं. "म्हंजी... वेळेचं भान ठेवून... मी माझे दोन शब्द..." आणि खाली बसले! सगळा मंडप असा हसला की नसीमला कान झाकावे लागले.

कार्यक्रम संपल्यावर पुस्तकांच्या टेबलाशी गर्दी झाली. मला वाटलं, आज गठ्ठे संपणार. पहिल्याच गड्यानं विचारलं, "मावशी, ती लाल झेंडी कितीला? ग्रामसभेला लागती."

*

कवठ्यातलीच आणखी एक गोष्ट आहे. ती हसण्याची नाही, पण ती वगळून पुढं जाता येत नाही.

गर्दी ओसरल्यावर एक बाई थांबली होती. पदराला धरून उभी राहिलेली तिची मुलगी, पाच-सहा वर्षांची. बाईनं विचारलं, "मॅडम, तुमी बी उशिरा बोलला म्हनं. ही बोलंल का कवा?"

मी आपलं नेहमीसारखं "बोलेल हो, काळजी करू नका" म्हणायला तोंड उघडलं. पण नसीम आधी बोलली.

"माहीत नाही."

बाईचा चेहरा पडला. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. नसीमला तो चेहरा दिसलाच नसावा. ती पुढं म्हणाली, "मी बोलले म्हणून ही बोलेल असं नाही. पण तिच्यासमोर हे विचारू नका. तिला सगळं ऐकू येतं."

"तुमाला कसं ठावं?"

"मला आत बसून ऐकू यायचं."

बाई खाली वाकली आणि पोरीला म्हणाली, "ऐकतीस व्हय गं तू?"  पोरीनं टेबलावरची हिरवी झेंडी घेतली होती आणि तिचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं असं चाललं होतं. आमचे हे झेंडी घ्यायला पुढं झाले तर नसीमनं अडवलं. "राहू द्या, दाजी. तिचं झालं की देईल."

मंडपवाल्यांनी खुर्च्या उचलल्या, सतरंज्या गुंडाळल्या. आम्ही तिथंच थांबलो. शेवटी पोरीनं झेंडी नसीमच्या समोर ठेवली आणि आईचा पदर धरला. बाईनं जाताना पुस्तक घेतलं नाही, वाचता येत नव्हतं तिला. पण निघताना ती लेकीशी बोलत गेली, लांबपर्यंत.

*

आणि मग दौंड.

त्या रविवारी गाडीत नेहमीचा प्रश्न आलाच नाही. त्याऐवजी नसीम म्हणाली, "आज मी केबिनचं प्रकरण वाचणार आहे."

ते तिनं कुठल्याच कार्यक्रमात वाचलेलं नव्हतं. मी मागं वळून म्हटलं, "अगं, आज समोर सगळी रेल्वे कॉलनी असणार. सगळे मामांना ओळखतात. त्यांच्यासमोर मामांना कसं वाटेल?"

"तेच मला विचारायचंय," ती म्हणाली. "घरी विचारलं की ते चहा ठेवायला उठतात."

 पाटसच्या पुढं यांनी उगाचच गाडी हळू केली.

हॉल रेल्वेच्याच लोकांचा. समोर रिटायर झालेले गार्ड, ड्रायव्हर, त्यांच्या बायका. यातल्या बऱ्याच जणांनी नसीमला लहानपणी पाहिलेलं, आणि न पाहिलेल्यांनी "दस्तगीरची मुकी" म्हणून ऐकलेलं. निवेदन सुरू झालं तरी मामांचा पत्ता नव्हता. नसीम सारखी दाराकडं बघत होती.

ती बोलायला उठली आणि दारातून एक उंच, वाळका माणूस आत आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. पुढच्या रांगेतल्यांनी "मामा, इकडं या" म्हणून खुर्ची सरकवली, तिकडं न बघता ते सरळ मागच्या रांगेत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीशी थांबले. माझ्या हातातल्या झेंडीकडं बघितलं.

"द्या त्या हिकडं."

मी हिरवी दिली. ते हात पुढं करून तसेच उभे. मग मांडीखालची लालही काढून दिली.  लाल दिसली की नसीम असेल तिथं थांबते, आणि ही गोष्ट तिनं वडिलांना सांगितलेली असणार. आता तिचं ते प्रकरण चालू ठेवायचं की बंद करायचं हे माझ्या हातात उरलं नव्हतं. मामा बसले. दोन्ही झेंड्या गुंडाळून गुडघ्यांवर आडव्या ठेवल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मला चेहरे वाचता येतात असा माझा समज आहे, पण त्या चेहऱ्यावरून मलाही काही कळलं नाही.

स्टेजवरून नसीमनं झेंड्या कुणाकडं आहेत ते पाहिलं. पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. फाटक, खोली, अम्मीनं पाहुण्यांसाठी चढवलेलं मटण, केबिनचं दार, बाहेरून लागलेल्या कडीचा आवाज. 

"अब्बा पाहुण्यांना म्हणाले," तिनं वाचलं, "पोरगी नानीकडं गेलीय. मी आत होते."

पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून मागं वळली. सगळे मामांकडं बघत होते.

मामा उभे राहिले.

नसीम थांबली. पुस्तकावरचं बोट तसंच ठेवून तिनं मागच्या रांगेकडं बघितलं. मी यांचा हात घट्ट धरला. मामांनी लाल झेंडी काखेत दाबली, हिरवी उलगडली, हात खांद्याएवढा वर घेतला आणि बाजूला सरळ धरला. ड्युटीवर धरतात तशी.

नसीमनं पुढचं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं. ती वाचत राहिली आणि ते उभे राहिले. वळलेली डोकी हळूहळू सरळ झाली. म्हातारा हात दमला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण झेंडी खाली आली नाही. प्रकरण संपलं. आभार झाले. टाळ्या वाजवू नका असं एका रिटायर गार्डनंच सगळ्यांना सांगितलं. लोक उठून चहाकडं निघाले, खुर्च्या सरकू लागल्या, आणि मामा तसेच उभे!

आमच्या यांना राहवेना. ते जवळ गेले. "मामा, झाला कार्यक्रम. हात अवघडला आसंल. बसा आता, द्या ती हिकडं."

मामांनी यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर स्टेजवर होती. तिथं नसीम पुस्तक पिशवीत घालत होती, मग पाण्याची बाटली, मग चष्म्याचं घर.

"थांबा वाईच," ते म्हणाले. "शेवटचा डबा गेला न्हाई अजून."